व्हे पावडरचे तीन प्रकार: जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

ठाण्यात गोखले रोडवर किंवा घोडबंदर रोडला सप्लिमेंटच्या कुठल्याही दुकानात शिरा, काउंटरमागे व्हे पावडरचे तीन तऱ्हांचे डबे मांडलेले असतात: कॉन्सन्ट्रेट, आयसोलेट आणि हायड्रोलायझेट. भाव साधारण याच क्रमाने चढत जातो आणि सल्लाही ठरलेला असतो. वजन वाढवायचं तर कॉन्सन्ट्रेट, कटिंगला, म्हणजे चरबी उतरवायला, आयसोलेट आणि खिसा सैल सोडायची तयारी असेल तर हायड्रो. नुकती नोकरी लागलेली मुलंमुली पगारातला मोठा तुकडा या डब्यांवर घालतात, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं की तिन्ही डब्यांतलं प्रथिन एकाच द्रवातून, म्हणजे चीज करताना दुधातून सुटणाऱ्या पाण्यातून, आलेलं असतं. त्या प्रथिनाबरोबरचं बाकीचं किती काढून टाकलं, एवढाच पहिल्या दोघांतला फरक. तिसऱ्यात प्रथिनाचे आधीच तुकडे केलेले असतात.

गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे. चीज करताना दुधात रेनेट हे दूध गोठवणारं एन्झाइम घालतात, केसीनचा गोळा बसतो आणि हिरवट-पिवळं पाणी सुटतं. या पाण्यालाही व्हेच म्हणतात. तो रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचा. या पाण्यात जवळजवळ ५ टक्के लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं आणि प्रथिन एक टक्क्याहूनही कमी. त्यामुळे एक किलो पावडरसाठी शंभर लिटरहून जास्त व्हे लागतं. एकेकाळी चीजचे कारखाने हे पाणी सरळ नदीनाल्यात सोडत आणि तिथले मासे मरत.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो जिममध्ये फार ऐकू येतो: ‘घरच्या पनीरचं पाणी प्या, फुकटात व्हे मिळतं.’ तसं होत नाही. चीजचं दूध फक्त पाश्चराइज केलेलं असतं, म्हणजे ७२ अंशांवर १५ सेकंद. आपण पनीरसाठी दूध चांगलं उकळतो. व्हेमधलं मुख्य प्रथिन, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, ७० अंशांच्या पुढे जास्त वेळ राहिलं की उलगडतं आणि केसीनला घट्ट चिकटतं. मग लिंबू पिळल्यावर दोन्ही मिळून पनीरमध्ये जातात आणि पाण्यात मुख्यतः लॅक्टोज आणि क्षार उरतात. श्रीखंडाच्या चक्क्याचंही तेच, कारण दही तापवलेल्या दुधाचंच लावतो. पनीरच्या पाण्यात कणीक जरूर मळा, पण प्रथिन हवं असेल तर पनीर खा. व्हेचा बराचसा भाग तुमच्या ताटात आधीच आलेला आहे.

कारखान्यात हे पातळ व्हे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांमधून दाबाने ढकलतात. काम चाळणीचंच, फक्त चाळायचे ते रेणू. लॅक्टोजच्या रेणूपेक्षा बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचा रेणू पन्नास पटींहून जास्त जड असतो. साखर आणि क्षार पलीकडे निघून जातात, प्रथिन अलीकडे राहतं. मग गरम हवेत फवारा मारून ते वाळवलं की कॉन्सन्ट्रेट तयार होतं. चांगल्या कॉन्सन्ट्रेटमध्ये ८० टक्के प्रथिन, उरलेल्यात थोडं लॅक्टोज, थोडी चरबी, क्षार आणि ओलावा. आणखी गाळणी करून किंवा आयन-विनिमयाने चरबी आणि लॅक्टोज जवळजवळ संपवले की प्रथिन ९० टक्क्यांवर जातं, तेच आयसोलेट. आता ३० ग्रॅमच्या स्कूपचा हिशेब करा. कॉन्सन्ट्रेटमधून जास्तीत जास्त २४ ग्रॅम प्रथिन मिळतं, आयसोलेटमधून २७. फरक तीन ग्रॅमचा, म्हणजे अर्ध्या अंड्याचा. तेवढ्याने ‘कटिंग’ होत नाही.

आयसोलेटच्या बाजूने खरा मुद्दा एकच, लॅक्टोजचा. आपल्याकडे पुष्कळ मोठ्या माणसांना लॅक्टोज नीट पचत नाही. पोट फुगतं, गुडगुडतं. पण इथेही आकडे पाहा. कॉन्सन्ट्रेटच्या एका स्कूपमध्ये लॅक्टोज साधारण दीड-दोन ग्रॅम. २५० मिलिलिटर दुधात ते १२ ग्रॅमच्या आसपास, आणि लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेकांना एका वेळी तेवढं सोसतं. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की पोटाच्या त्रासामुळे महागडं आयसोलेट घ्यायचं आणि शेकरमध्ये ते दुधातच घुसळायचं. पडद्याने मेहनतीने काढलेलं लॅक्टोज आपण कितीतरी पटींनी परत ओततो. आधी आठवडाभर कॉन्सन्ट्रेट पाण्यातून घेऊन पाहा. तरीही पोट बिघडलं तर आयसोलेट घ्या. आणि त्यानेही फरक पडला नाही तर डब्यावरची घटकांची यादी वाचा. दाटपणासाठी घातलेले गोंद किंवा गोडी आणणारे पदार्थही काहींना बाधतात.

हायड्रोलायझेटमध्ये विकरं (एन्झाइम) वापरून प्रथिनाची साखळी आधीच तोडलेली असते. ‘लगेच रक्तात जातं’ ही त्याची जाहिरात. पण साधं व्हेसुद्धा मुळात झटपट पचतं. १९९७ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं, की व्हे घेतल्यावर रक्तातली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे घटक, चटकन चढतात आणि काही तासांत उतरतात. केसीन मात्र जठरातल्या आम्लात गोठतं आणि हळूहळू कित्येक तास पुरतं. व्हे आधीच इतकं जलद असताना त्याहून थोडा वेग वाढवून स्नायूंना हाती फारसं काही लागत नाही. तोडलेले तुकडे कडू लागतात, म्हणून त्यात फ्लेवर आणि गोडीही जास्त ओतावी लागते. व्यायाम करणाऱ्या सर्वसाधारण माणसाने यावर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी काळजी घ्यायची ती भेसळीची. प्रथिन मोजायची रूढ पद्धत डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये दिली. तीत मोजला जातो तो नायट्रोजन, आणि त्याला ६.२५ ने गुणून प्रथिन काढतात. दुधासाठी ६.३८ ने. नायट्रोजन कुठून आला हे या चाचणीला कळत नाही. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेलं औद्योगिक रसायन मिसळलं गेलं ते याच फटीतून. पावडरमध्ये ग्लायसीन किंवा टॉरीन अशी नायट्रोजन असलेली स्वस्त द्रव्यं घालूनही आकडा फुगवता येतो. १०० ग्रॅम ग्लायसीन या हिशेबात सुमारे ११७ ग्रॅम ‘प्रथिन’ दाखवतं, आणि स्नायू बांधायला चालना देणारं ल्युसीन हे अमिनो आम्ल त्यात शून्य. म्हणून डब्यावर अमिनो आम्लांचा तक्ता शोधा. अस्सल व्हेमध्ये २४ ग्रॅम प्रथिनामागे ल्युसीन अडीच ग्रॅमच्या आसपास असतं. ते बरंच कमी असेल, किंवा घटकांत ग्लायसीन, टॉरीन वेगळं लिहिलेलं असेल, तर डबा परत ठेवा. आणि भाव किलोवर तोलू नका. डब्याची किंमत भागिले त्यातलं एकूण प्रथिन, हा भागाकार फोनवर दुकानातच होतो.

मुळात हवं किती? आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये वजनाच्या दर किलोला रोज ०.८३ ग्रॅम ठरवलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. वजनं उचलणाऱ्यांवरच्या ४९ अभ्यासांचा आढावा २०१८ मध्ये निघाला. त्यात किलोला १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूंना जास्तीचा फायदा दिसला नाही. म्हणजे त्याच ६० किलोच्या माणसाला कमाल ९६ ग्रॅम. दोन अंडी १२, पेलाभर दूध ८, १०० ग्रॅम पनीर १८, शिजवण्याआधीची ५० ग्रॅम तूरडाळ ११, शिवाय पोळी-भाकरी. बेरीज करून तूट उरली तरच स्कूप. त्याच संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात प्रथिनांची सप्लिमेंट टाळायला सांगितलं आहे. रोजच्या जेवणातून भागत असेल त्याने ते जरूर ऐकावं.

दोन प्रकारच्या लोकांनी मात्र दुकानदाराला विचारून काही ठरवू नये. ज्यांना दुधाची ॲलर्जी आहे त्यांना आयसोलेट सुरक्षित नाही, कारण ॲलर्जी लॅक्टोजची नसते, प्रथिनाची असते, आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे त्यातलं एक मुख्य कारण. जिममधलं हायड्रोलायझेटही त्यांना चालणार नाही. बाळांच्या ॲलर्जीसाठीच्या खास दुधात प्रथिन त्याहून फार बारीक तोडलेलं असतं. आणि ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे, त्यांनी पहिला डबा उघडण्याआधी मूत्रपिंडांची स्थिती कळण्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्यावं आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवावा.