भर उन्हात पाणी घातलं की पानं करपतात?

दुपारी झाडांना पाणी घातलं तर थेंबांचं भिंग होऊन पानं जळतात, हे पिढ्यानपिढ्या ऐकवलं जातं. गुळगुळीत पानांच्या बाबतीत ते खरं नाही. थेंब पानावर पसरट बसतो, त्यामुळे किरण एकवटतात ते पानाच्या बरंच खाली. शिवाय पाण्याने पान थंडच राहतं. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रयोगांतून हे दाखवलं. दाट लव असलेल्या पानांवर मात्र थेंब उचललेला राहतो, तिथे डाग पडू शकतात.

सकाळचं पाणी उत्तमच, पण ते बाष्पीभवन कमी होतं म्हणून. दुपारी काकडीच्या वेलाने माना टाकल्या तर आधी मातीत बोट खुपसा. आत ओल असेल तर वेल संध्याकाळी बहुधा आपोआप सावरतो. माती कोरडी ठाक लागली तर कृपा करून ऊन उतरायची वाट बघू नका, लगेच बुंध्याशी पाणी द्या.