फ्रेममध्ये सगळे आले, पण बोललं कोण? शॉर्ट डॉक्युमेंटरीतली विविधता आणि प्रतिनिधित्व

नागपूरवर शॉर्ट डॉक्युमेंटरी करणारी पोरंपोरी आता बरीच आहेत, फार चांगलं आहे, पण एक घोळ परत परत दिसते. सगळे समाज दिसले म्हणजे सगळ्यांचं प्रतिनिधित्व झालं असं धरून चालतात. एक असून दुसरं नसू शकते.

विविधता म्हणजे फ्रेममध्ये कोण कोण आलं. मोमीनपुऱ्यातली मुस्लिम वस्ती घेतली, जरीपटक्यातले सिंधी दुकानदार घेतले, इंदोऱ्यातली बौद्ध वस्ती घेतली, यादीवर टिक झाली. प्रतिनिधित्व ठरते एडिटला, कोणाचं वाक्य पूर्ण ठेवलं, कोणाच्या नावाची पट्टी आली आणि कोण फक्त म्युझिकवर चालताना दिसलं.

सगळ्यात जास्त हे दीक्षाभूमीच्या बाबतीत होते अन् मला त्याचं खरंच वाईट वाटते. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत इथे धम्म स्वीकारला, आजही दसऱ्याला गावागावातून लोक येतात, आणि फिल्ममध्ये काय, तर ड्रोन शॉट, स्तूप, पांढऱ्या साड्या, निळे झेंडे आणि वरून कोण्या अभ्यासकाचा व्हॉइसओव्हर. रात्रभर प्रवास करून आलेली बाई पुस्तकांच्या स्टॉलवरून काय घेऊन चालली, का घेतलं, हे तिला कोणी विचारतच नाही. गोंडांचंही तेच. 1702 मध्ये गोंड राजा बख्त बुलंद शाहनं नागपूर वसवलं ही ओळ येते, लगेच ढोल आणि नाच येतो, पण आज शहरात राहणारा गोंड माणूस काय काम करतो, घरी पोरांशी गोंडीत बोलतो का, ते नाही येत.

आता उलटं पहा. समजा गोळीबार चौकाकडच्या एकाच विणकर घरावर 15 मिनिटांची फिल्म आहे. एक समाज, एक गल्ली, विविधता जवळपास शून्य. पण माग का बंद पडला ते आजोबा स्वतः सांगतात, नातीला हे काम का नको ते ती सांगते, दोघांचं पटत नाही आणि ते भांडणही कापलेलं नाही, तर प्रतिनिधित्व भक्कम आहे. फक्त हे एकच घर सगळ्या कोष्टी विणकरांच्या वतीनं बोलून राहिलं असं भासवू नका.

ऑस्करच्या शॉर्ट डॉक्युमेंटरीला क्रेडिटसकट 40 मिनिटांची मर्यादा आहे, आपल्या फिल्म तर त्याहून कितीतरी छोट्या. 12 मिनिटांत आठ समाज कोंबले तर दीड मिनिट प्रत्येकी, त्यात टायटल आणि बी-रोल (मुलाखतीच्या मधे टाकलेले इकडचे तिकडचे शॉट) पण आलं. माझं स्पष्ट मत आहे, कमी लोक घ्या अन् त्यांना बोलू द्या.

आणि बोलू दिलं तरी काम संपत नाही. ‘रायटिंग विथ फायर’ या फुल लेंथ डॉक्युमेंटरीत दलित महिला पत्रकारच केंद्रस्थानी होत्या, ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, तरी 2022 मध्ये खुद्द ‘खबर लहरिया’नं, म्हणजे त्या पत्रकारांच्याच वृत्तसंस्थेनं, जाहीर सांगितलं की आमचं सगळं लक्ष एकाच पक्षाच्या बातम्यांवर असते असं जे दाखवलंय ते बरोबर नाही. म्हणून फिल्म लॉक करायच्या, म्हणजे एडिट पक्का करायच्या आधी ज्यांच्यावर बनवली त्यांना कट दाखवा, “हे असं नाही” म्हणाले तर का ते विचारा, आणि सबटायटल करताना त्यांची वऱ्हाडी घासून पुस्तकी करू नका.