केटोतला थकवा: मिठाचा की इंधनाचा?

केटो, म्हणजे भात-पोळी-साखर जवळजवळ बंद करून चरबीवर भर देणारा आहार, सुरू करून आठवडाही झालेला नसतो. डोकं ठणकत असतं, जिना चढताना पाय भरून येतात, ट्रेडमिलवरचा रोजचा वेग झेपत नाही. जिममधला एक जण म्हणतो, मीठ वाढव. दुसरा म्हणतो, महिनाभर कळ काढ, शरीराला सवय होते. हे दोन सल्ले दोन वेगवेगळ्या थकव्यांचे आहेत. ते बहुतेकदा एकाच वेळी येतात, म्हणून एकच वाटतात. एकाचा उपाय तासाभरात लागू पडतो, दुसऱ्यावर उपायच नाही, तो आठवडे काढून संपवायचा असतो.

पहिला थकवा पाण्याचा आणि मिठाचा. भात-पोळी बंद झाली की रक्तातलं इन्सुलिन उतरतं. साखर पेशींत पोचवणं हे इन्सुलिनचं काम सगळ्यांना माहीत असतं, पण ते मूत्रपिंडांना सोडियम धरून ठेवायलाही लावतं. तो धाक कमी झाला की सोडियम लघवीवाटे जातं आणि त्याच्यामागोमाग पाणी. शिवाय यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतं, आणि दर ग्रॅममागे जवळपास ३ ग्रॅम पाणी. साठा रिकामा होतो तसं तेही पाणी सुटतं. पहिल्या आठवड्यात काटा २-३ किलो खाली येतो तो मुख्यतः यामुळे. व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या काट्याचे फोटो टाकणाऱ्यांना हे सांगू नये, उगाच हिरमोड होतो.

रक्तातलं पाणी घटलं की पुढचं ओघानं येतं: उठून उभं राहताना चक्कर, कपाळ जड, जागच्या जागी धडधड, रात्री पोटऱ्यांत गोळे. त्यात आपल्याकडे केटो म्हणजे ‘शुद्ध खाणं’ असा समज असल्यामुळे पापड, लोणचं, फरसाण, बाहेरचं खाणं हे सगळं त्याच दिवशी बंद होतं. म्हणजे मीठ शरीरातून जास्त जातंय आणि ताटातून कमी येतंय.

उपाय साधा आहे. मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक, साखर न घातलेली सोलकढी, मटणाचं अळणी पाणी घेऊन त्यात मीठ. पोटॅशियमसाठी केळी-बटाटे गेले असले तरी पालक आणि इतर पालेभाज्या आहेत, मॅग्नेशियमसाठी बदाम आणि भोपळ्याच्या बिया. लोक इथे शहाळ्याकडे नाहीतर ओआरएसच्या पुडीकडे वळतात. शहाळ्याच्या पाण्यात साखर असतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या ओआरएसच्या एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. दिवसाला २० ग्रॅम कर्बोदकांची मर्यादा पाळणाऱ्याचा दोन तृतीयांश वाटा तिथेच संपला. जुलाबात ते ग्लुकोज हवंच असतं, पण इथे दुखणं वेगळं आहे.

किती मीठ? केटोवर काम करणारे संशोधक दिवसाला एकूण ३ ते ५ ग्रॅम सोडियम सुचवतात. चहाच्या सपाट चमचाभर मिठात साधारण २ ग्रॅम सोडियम असतं. सर्वसाधारण माणसासाठीचा सल्ला मात्र दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाचा (सोडियमचा नव्हे) आहे, त्यामुळे ही वाढ धडधाकट माणसासाठीच आणि केटो पाळत असेपर्यंतच. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मीठ आणि पोटॅशियम दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये. रक्तदाबाची गोळी चालू असताना चक्कर येत असेल तर कदाचित मीठ कमी पडलेलं नाही, गोळीचा डोस आता जास्त होतोय. मधुमेहाच्या गोळ्यांचं प्रकरण याहून गंभीर. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने साखर फार खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्याला केटोवर किटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोन साचून रक्त धोकादायक आम्लधर्मी होणं, होऊ शकतो, आणि तोही ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नसताना. मळमळ, उलट्या, धाप आणि गळून जाणं एकत्र आलं तर ताक पीत बसू नये, दवाखाना गाठावा.

दुसरा थकवा इंधनाचा. वर्षानुवर्षं साखरेवर चाललेल्या स्नायूंना चरबी झपाट्याने जाळायची तर तिची वाहतूक करणारी प्रथिनं आणि तिला फोडणारी विकरं (एन्झाइम्स) वाढवावी लागतात. हे बांधकाम आठवड्यांचं आहे. १८७८ ते १८८० या काळात आर्क्टिकमध्ये मोहीम नेणाऱ्या फ्रेडरिक श्वाट्का या अमेरिकन लेफ्टनंटने हे तेव्हाच टिपून ठेवलं होतं: निव्वळ रेनडिअरच्या मांसावर आल्यावर सुरुवातीला कष्टाची चाल जमत नाही, दोन-तीन आठवड्यांत ती अशक्तता जाते.

स्टीफन फिनी या अमेरिकन संशोधकाने १९८० मध्ये ते मोजून दाखवलं. व्यायामाची सवय नसलेल्या सहा स्थूल माणसांना जवळजवळ कर्बोदकं नसलेला, कमी उष्मांकाचा आहार दिला. ट्रेडमिलवर ती आधी सरासरी १६८ मिनिटं टिकत होती. आठवड्याने १३० मिनिटं. सहा आठवड्यांनी २४९. उतरलेल्या वजनाचा फायदा मिळू नये म्हणून तेवढंच ओझं पाठपिशवीत घालून चालायला लावलं होतं. १९८३ मध्ये त्यांनी पाच कसलेले सायकलपटू चार आठवडे केटोवर ठेवले, सोडियम-पोटॅशियम वरून देऊन. मध्यम वेगाला टिकण्याची सरासरी वेळ १४७ मिनिटांवरून १५१ वर गेली, म्हणजे जिथल्या तिथे. दोन्ही प्रयोग अगदी लहान आहेत, पण पहिल्या आठवड्यात स्वतःचा निकाल लावून मोकळं होणाऱ्यांनी तो १३० चा आकडा लक्षात ठेवावा.

मग आपला थकवा कुठला? बसल्या जागी, किंवा उठताना त्रास होत असेल तर पहिला. खुर्चीत ठणठणीत, सपाटीवर गप्पा मारत चालता येतं, पण सिंहगडाचा चढ लागला की पाय शिशाचे होतात आणि डोकं मात्र स्वच्छ असतं, तो दुसरा. खात्री करायची तर खारट ताक किंवा सूप पिऊन तासभर थांबावं. उतार पडला तर मिठाचा होता. नाही पडला तर आणखी मीठ खाऊन फक्त तहान लागेल.

वाटीभर भाताने ही परीक्षा घेऊ नका. भात दोन्ही थकव्यांना पळवून लावतो: इन्सुलिन वाढून सोडियम थांबतं, आणि स्नायूंना ओळखीचं इंधनही मिळतं. म्हणूनच भात खाऊन बरं वाटलेला माणूस ‘मला केटो मानवत नाही’ असं ठरवतो, जेव्हा त्याला कदाचित दोन पेले ताकच कमी पडलं होतं. लघवीतले कीटोन दाखवणारी पट्टी जांभळी झाली म्हणजे सवय झाली, हाही असाच गैरसमज. ती पट्टी दोन-चार दिवसांत रंग बदलते. त्यातून एवढंच कळतं की कीटोन, म्हणजे चरबीपासून यकृतात बनणारं इंधन, तयार होताहेत. स्नायू ते आणि चरबी किती सफाईने वापरताहेत हे ती सांगत नाही.

इंधनाच्या थकव्यात व्यायाम बंद करायचा नाही, उतरवायचा. बोलता येईल इतक्याच वेगाचं चालणं-धावणं, वजनं तीच पण सेट कमी, मधली विश्रांती लांब. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन पळायची आणि डिसेंबरात केटो सुरू करायचं, हा बेत मला तरी हट्टाचा वाटतो.

वेगाची एक मर्यादा मात्र थांबूनही जात नाही. २०१७ मध्ये क्रीडा-आहाराच्या संशोधक लुईस बर्क यांच्या चमूने अव्वल चालपटूंवर (वेगाने चालण्याच्या शर्यतीतले खेळाडू) केलेल्या प्रयोगात, सुमारे तीन आठवड्यांनी केटोवाले चरबी प्रचंड जाळत होते, पण त्याच वेगाला त्यांना ऑक्सिजन जास्त लागत होता. १० किलोमीटरच्या शर्यतीत कर्बोदकं खाणारे बाकीचे सुधारले, केटोवाले नाहीत. तीन आठवडे अपुरे होते, असा आक्षेप केटोचे समर्थक घेतात. तरीही लिटरभर ऑक्सिजनमागे चरबीतून साखरेपेक्षा थोडी कमी ऊर्जा मिळते, हे कितीही महिने थांबलं तरी बदलत नाही. सिंहगड चढणाऱ्याला किंवा सायकलवरून लांब जाणाऱ्याला ते जाणवणारही नाही. कबड्डीतली तीस सेकंदांची चढाई किंवा बॅडमिंटनची लांबलेली रॅली ज्याचा खेळ आहे, त्याने सवय होण्याची वाट पाहत हंगाम घालवण्यापेक्षा सरावाआधी केळं खाल्लेलं बरं.