मिरचीविना बांगडा

मिरची, टोमॅटो, धणे, जिरं, मोहरी, भात, डाळ, दूध, अंडी, सगळं बंद. 'ऑटोइम्यून प्रोटोकॉल' म्हणजेच एआयपी हा ऑटोइम्यून आजारांसाठी, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारांसाठी, सुचवला जाणारा आहार. त्याचा पहिला टप्पा इतकं काढून घेतो, की आमवात किंवा आतड्याचा दाह असलेल्या माणसाला आता रांधायचं काय असा प्रश्न पडतो. पण नारळ, आमसूल, हळद, आलं, लसूण, कढीपत्ता आणि मासे या आहारात चालतात. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली; मासे त्याआधीही रांधले जातच होते.

दोन बांगडे साफ करून त्यांना आडव्या चिरा द्या, मीठ-हळद लावा. खोबरेल तेलात ठेचलेली लसूण, आलं, कढीपत्ता परता. हिंग नको, बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. नारळाचं पातळ दूध आणि चार-पाच आमसुलं घाला, उकळी आली की बांगडे सोडून मंद आचेवर सहा-सात मिनिटं शिजवा. घट्ट दूध शेवटी घाला आणि लगेच आच बंद करा, नाहीतर ते फाटतं. सोबत उकडलेलं रताळं. बटाटा मिरचीच्याच कुळातला, रताळं मात्र त्या कुळातलं नाही.

आमसुलाचं काम फक्त आंबटपणाचं नाही. मासा शिळा होऊ लागला की जिवाणू त्यात ट्रायमिथाइलअमीन तयार करतात. माशाचा उग्र वास बराचसा त्याचाच. आम्लामुळे त्याचं क्षारात रूपांतर होतं आणि ते हवेत उडत नाही.

पण आमसुलाने वास दबला म्हणून मासा निर्धोक होत नाही, आणि माझ्या मते या जेवणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा बर्फाविना राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीसारखी लक्षणं आणणारं रसायन, करतात. एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून, तळून किंवा पुन्हा गोठवून जात नाही. मग जेवल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, पोट बिघडतं. आजार उसळला किंवा मासा सोसत नाही असं समजून रुग्ण बांगडाच सोडतो, जेव्हा चूक साठवणुकीची असते. म्हणून लाल कल्ले, टपोरे डोळे, घट्ट अंग बघूनच मासा घ्या, घरी येईपर्यंत बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी रांधा.

बांगड्यातली ओमेगा-३ मेदाम्लं, ईपीए आणि डीएचए, पेशींच्या आवरणात शिरून तिथल्या ॲराकिडोनिक आम्लाची (हेही एक मेदाम्लच, दाहाचे रेणू त्यापासून बनतात) जागा काही अंशी घेतात. त्यामुळे दाह भडकवणारे रेणू कमी बनतात. आमवाताच्या रुग्णांत माशाच्या तेलाने सांधेदुखी थोडी कमी होते, पण त्या चाचण्यांतला डोस एका जेवणातून मिळण्याइतका छोटा नसतो. अमेरिकेत २५,८७१ जणांवर झालेल्या 'व्हायटल' चाचणीत रोज १ ग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांत नवे ऑटोइम्यून आजार सुमारे १५ टक्के कमी दिसले, पण तो फरक योगायोगाचाही असू शकतो, असं २०२२ साली प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात.

एआयपीचा पुरावा याहून तोकडा आहे. २०१७ च्या अभ्यासात क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दाहाच्या आजारांच्या १५ रुग्णांपैकी ११ जणांचा आजार सहाव्या आठवड्यापर्यंत शांत झाला. हे उत्साह वाढवणारं आहे, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि अनेकांची औषधंही चालू होती. २०१९ मध्ये हाशिमोटो या थायरॉइडच्या ऑटोइम्यून आजाराच्या १७ स्त्रियांवर हाच आहार वापरून पाहिला. त्यांना बरं वाटलं, पण थायरॉइडच्या चाचण्यांत ठळक फरक पडला नाही. म्हणून औषधाची एकही गोळी या आहाराच्या भरवशावर बंद करू नये.

सगळं कायमचं सोडायचं असंही नाही. काही आठवड्यांनी एकेक पदार्थ, मध्ये काही दिवसांचं अंतर ठेवून, परत आणायचा असतो. याच कालवणात आधी मिरे घालून पाहा, मग जिरं-मोहरी. मिरचीची पाळी बरीच नंतर.