प्लेझर आयलंड (वॉल्ट डिस्ने वर्ल्ड)

प्लेझर आयलंड म्हणजे फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डचा मोठ्या माणसांसाठीचा नाइटलाइफचा भाग. डान्स क्लब, कॉमेडी, जॅझ, बार असं सगळं एका छोट्याशा बेटावर. ओरलँडोजवळ लेक बुएना व्हिस्टामध्ये १ मे १९८९ ला ते सुरू झालं आणि २७ सप्टेंबर २००८ च्या रात्री तिथले उरलेले सहाही क्लब एकदमच बंद झाले. आज त्या जागी डिस्ने स्प्रिंग्स या दुकानं आणि रेस्टॉरंट्सच्या परिसरातला 'द लँडिंग' हा भाग आहे, पण क्लब बंद केल्यावर तिथे नेमकं करायचं काय हे कंपनीला ठरवायला साडेचार वर्षं लागली, आणि डिस्नेच्या चाहत्यांमध्ये त्या निर्णयाबद्दलची नाराजी अजून गेलेली नाही.

सुरुवात स्पर्धेतून झाली. तेव्हा ओरलँडो शहरात चर्च स्ट्रीट स्टेशन नावाचा नाइटलाइफचा अड्डा जोरात होता, १९७० च्या दशकात बॉब स्नो या उद्योजकाने जुन्या रेल्वे स्टेशनच्या परिसरात उभा केलेला, आणि दिवसभर डिस्नेत फिरलेले लोक संध्याकाळी गाडी काढून तिकडे पैसे खर्च करायला जायचे. मायकल आयझ्नर तेव्हा डिस्नेचे प्रमुख होते, पाहुणा रात्रीही आपल्याच हद्दीत राहिला पाहिजे हा त्यांचा आग्रह. १९८९ हे वर्षच तसं होतं, डिस्ने-एमजीएम स्टुडिओज पार्क त्याच १ मेला उघडलं आणि टायफून लगून वॉटर पार्क पुढच्याच महिन्यात.

नुसते क्लब बांधून मोकळं व्हायचं नाही, त्याला गोष्ट जोडायची ही डिस्नेची पद्धत. इथली गोष्ट मेरीवेदर प्लेझर नावाच्या एका काल्पनिक जहाज-कारखानदाराची. त्याने १९११ मध्ये बेट घेतलं, शिडं आणि बोटी बनवायचा धंदा थाटला, १९४१ मध्ये समुद्रसफरीवर गेला तो परत आलाच नाही, मागे पोरांनी धंदा बुडवला आणि १९५५ च्या वादळाने उरलंसुरलं मोडलं. मग डिस्नेने म्हणे ही पडकी गोदामं शोधून काढून त्यांचे क्लब केले. प्रत्येक इमारतीवर पाटी होती, ही इमारत प्लेझरसाहेबांच्या काळात कशासाठी वापरायचे ते सांगणारी. बहुतेक लोक ती न वाचताच आत जायचे पण ज्यांनी वाचली ते कायमचे अडकले.

मॅनेक्विन्स हा सगळ्यात नावाजलेला डान्स क्लब, त्याचा डान्स फ्लोअर गोल फिरायचा. एटट्रॅक्समध्ये सत्तरच्या दशकातलं डिस्को वाजायचं, कॉमेडी वेअरहाउसमध्ये कलाकार प्रेक्षकांकडून शब्द मागून घेऊन जागच्या जागी प्रवेश उभे करायचे. निऑन आर्माडिलो हा कंट्री म्युझिकचा क्लब जाऊन १९९८ मध्ये बीईटी साउंडस्टेज हा दुसरा क्लब आला. आणि १९९० पासून रोज रात्री थर्टीफर्स्ट! खरंच रोज. बारा वाजले की काउंटडाउन, फटाके, कागदाच्या तुकड्यांचा पाऊस, नाचणारे डान्सर आणि रस्त्यावर एकमेकांना हॅपी न्यू इयर म्हणणारे अनोळखी लोक, मग तारीख कुठलीही असो. हे २००५ च्या अखेरीपर्यंत चाललं.

पण प्लेझर आयलंडचा जीव होता अ‍ॅडव्हेंचरर्स क्लबमध्ये. जो रोडी, ज्यांनी पुढे अ‍ॅनिमल किंगडम हे अख्खं पार्क डिझाइन केलं, त्यांचा या क्लबच्या घडणीत मोठा वाटा होता. कल्पना अशी की हा जगभर भटकणाऱ्या साहसी मंडळींचा खाजगी क्लब आहे, तारीख आहे ३१ डिसेंबर १९३७, आणि आज नव्या सभासदांसाठी दार उघडलंय. तुम्ही वरच्या मजल्यावरून आत यायचात, गॅलरीतून खालचा दिवाणखाना दिसायचा, भिंतींवर मुखवटे, शिकारीची मुंडकी, जुने फोटो, पिवळट उजेड, आणि जिना उतरून बारपाशी बसलात की शेजारचा माणूस गिऱ्हाईक आहे की कलाकार तेच कळायचं नाही. पामेलिया पर्किन्स या क्लबच्या अध्यक्ष, ओटिस टी. रेन खजिनदार, ओहायोच्या सॅंडस्कीहून आलेला बावळट पण गोड एमिल ब्लीहॉल, ही पात्रं तुमच्याशी तासभर गप्पा मारायची, तुमचं नाव विचारून दोन खोल्या पलीकडे चाललेल्या प्रयोगात ते वापरायची. भिंतीवरचा कर्नल नावाचा बाहुला बोलायचा, बॅबिलोनिया हा दगडी मुखवटाही बोलायचा. बारचं एखादं स्टूल बसल्या बसल्या हळूहळू खाली जायचं आणि बसलेल्याला ते कळेपर्यंत त्याची हनुवटी काउंटरला टेकायला आलेली असायची. सगळ्यांनी मिळून शपथ घ्यायची, क्लबचं गाणं म्हणायचं आणि 'कुंगालूश!' ओरडायचं, तोच नमस्कार, तेच चिअर्स आणि त्याच नावाचं ड्रिंकसुद्धा. दोन रात्री सारख्या जायच्या नाहीत. थीम पार्कच्या जगात प्रेक्षकाला इतकं मानाने वागवणारी जागा फार क्वचित झालीय असं माझं स्पष्ट मत आहे.

मग हे घसरलं कसं? एक कारण नाही. १९९७ मध्ये शेजारी वेस्ट साइड हा नवा भाग उघडला, सगळ्या परिसराला डाउनटाउन डिस्ने नाव मिळालं आणि प्लेझर आयलंड मार्केटप्लेस आणि वेस्ट साइड या दोन शॉपिंगच्या भागांच्या मध्ये सापडलं. संध्याकाळी गेटवर तिकीट लागायचं, म्हणजे मार्केटप्लेसमधून वेस्ट साइडला चालत जाणाऱ्यांना मध्येच अडसर. १९९९ मध्ये ओरलँडोतला डिस्नेचा प्रतिस्पर्धी युनिव्हर्सलने सिटीवॉक हा स्वतःचा नाइटलाइफचा भाग काढला, तिथे आत फिरायला काही पैसे नाहीत, हव्या त्या क्लबचे तेवढे द्या. २००४ मध्ये डिस्नेनेही बेटाचं गेट सगळ्यांसाठी खुलं केलं आणि तिकीट फक्त क्लबच्या दारावर ठेवलं. माझ्या मते खरा फटका इथेच बसला, कारण गेट होतं तोवर आतला रस्ता हाच मोठा कार्यक्रम होता, ते गेल्यावर तिथून बाबागाड्या आणि पिशव्या घेतलेली कुटुंबं जायला लागली, क्लबचे लोक दाराआड गेले आणि रस्त्यावरची मजा आटली. थर्टीफर्स्ट बंद झाल्यावर तर रात्री थांबायला कारणच उरलं नाही. जॅझ क्लबच्या जागी २००५ मध्ये रॅगलन रोड हा आयरिश पब आला, तो उत्तम चालला, आणि भाडेकरूने चालवलेलं रेस्टॉरंट हे आपण रोज रात्री पगारी कलाकार उभे करण्यापेक्षा किती सोपं आहे हा हिशोब कंपनीला दिसला असणार.

जून २००८ मध्ये घोषणा झाली की सप्टेंबरअखेर सगळे क्लब बंद. पाहुण्यांना दुकानं आणि फॅमिली रेस्टॉरंट्स जास्त हवीत असं सांगण्यात आलं. चाहत्यांनी सह्या गोळा केल्या, पत्रं लिहिली, शेवटच्या आठवड्यांत लांबून लांबून लोक आले, पण निर्णय काही फिरला नाही. आणि वेळ बघा, लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी बँक १५ सप्टेंबरला बुडाली आणि क्लब बंद झाले २७ ला. मंदीत नवीन भाडेकरू कुठून येणार? चालते क्लब काढून टाकले आणि नंतर कितीतरी काळ त्या इमारती तशाच रिकाम्या, कुंपण लावलेल्या.

नोव्हेंबर २०१० मध्ये त्या जागेसाठी हायपेरियन वॉर्फ नावाची योजना जाहीर झाली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं बंदर, हजारो दिवे, वगैरे. ती चित्रांपलीकडे गेलीच नाही. शेवटी मार्च २०१३ मध्ये डिस्ने स्प्रिंग्सची घोषणा झाली आणि सप्टेंबर २०१५ मध्ये डाउनटाउन डिस्नेचं नाव अधिकृतपणे बदललं. मॅनेक्विन्सच्या इमारतीत मोरिमोटो एशिया हे रेस्टॉरंट आलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर डिस्ने स्प्रिंग्स छान आहे, गर्दी असते, जेवण चांगलं मिळतं, भारतातून ओरलँडोला जाणारी कुटुंबंही तिथे एक संध्याकाळ घालवतातच. पण तिथे तुम्ही जेवता आणि खरेदी करता, रात्र घालवत नाही.

क्लबच्या खुणा इकडेतिकडे ठेवल्यात. डिस्नेच्याच पॉलिनेशियन हॉटेलातला ट्रेडर सॅम्स ग्रॉग ग्रॉटो हा बार आणि मॅजिक किंगडम पार्कमधलं स्किपर कँटीन हे रेस्टॉरंट, दोन्ही २०१५ चे, दोन्हीकडे अ‍ॅडव्हेंचरर्स क्लबची आठवण देणाऱ्या वस्तू आहेत. तेवढ्याने पोट भरत नाही, वस्तू आहेत पण माणसं नाहीत, आणि तो क्लब माणसांचाच होता. रिसॉर्टमधल्या रात्रीच्या जिवंत कार्यक्रमांची गळती पुढेही चालूच राहिली. वेस्ट साइडवरचा सर्क द्यू सोले या सर्कस कंपनीचा ला नूबा हा शो २०१७ च्या शेवटच्या रात्री संपला, त्यानंतरचा त्यांचाच ड्रॉन टू लाइफ यायला नोव्हेंबर २०२१ उजाडलं, आणि डिस्नेच्याच बोर्डवॉक भागातला जेलीरोल्स हा पियानो बार २०२५ मध्ये बंद झाला. मोठ्यांसाठी रात्री उशिरापर्यंत चालणारा, कलाकारांवर उभा असलेला क्लब डिस्ने वर्ल्डमध्ये पुन्हा काढायचा तर पगाराचा खर्च कोणाच्या खात्यात टाकायचा हा प्रश्न आधी सुटायला हवा, आणि भाड्याच्या जागांमधून पैसा येत असताना तो सोडवायची घाई कोणाला आहे असं सध्या तरी दिसत नाही.