राजाची कोरडी सही : ट्यूडर कारभाराची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या ट्यूडर घराण्यातल्या आठव्या हेन्रीच्या कारभाराची गोष्ट बहुधा प्रिव्ही कौन्सिलपासून, म्हणजे राजाच्या निवडक सल्लागारांच्या मंडळापासून सांगितली जाते. त्याचा बाप सातवा हेन्री, त्याच्या काळात राजाचे सल्लागार म्हणवणारे दोनशेहून अधिक होते. त्यांतून वीसेक जणांचे बांधीव मंडळ 1536 मध्ये झाले की 1540 मध्ये, हा वाद इतिहासकार गेली सत्तर वर्षे घालत आहेत. ऑगस्ट 1540 मध्ये मंडळाला स्वतःचा कारकून मिळाला आणि नोंदवही सुरू झाली, एवढे नक्की.

मंडळाने काहीही ठरवले तरी अनुदान, नेमणूक वा माफीचा कागद निघायचा तो राजाच्या सहीनेच, आणि सही व्हायची आतल्या दालनात. राजवाड्यात आधी पहाऱ्याचे दालन, मग दर्शनाचे, मग प्रिव्ही चेंबर, म्हणजे हे आतले दालन, आणि त्यामागे राजाच्या खासगी खोल्या. प्रिव्ही चेंबरमध्ये मोजक्यांनाच प्रवेश; राजाच्या घरकारभारासाठी केलेल्या 1526 च्या एल्टम नियमावलीने तिथली माणसे पंधरावर आणली. त्यांचा प्रमुख म्हणजे राजाच्या शौचाची व्यवस्था पाहणारा सरदार. काम ऐकायला हलके, पण राजाच्या खासगी पैशांची थैली त्याच्याकडे असे आणि राजा एकटा असताना त्याच्यापुढे कागद सरकवण्याची संधीही त्यालाच.

कागदाची वाट ठरलेली होती. राजाने माथ्यावर सही केली की सिग्नेटचा, म्हणजे राजाच्या लहान मुद्रेचा कारकून प्रिव्ही सीलच्या (खासगी शिक्क्याच्या) कचेरीला आदेश लिही, तिथून मोठा शिक्का सांभाळणाऱ्या चान्सलरला आदेश जाई आणि शेवटी मोठा शिक्का लागे. दर टप्प्याला फी. 1536 च्या कायद्याने ही साखळी सक्तीची केली. तिच्यात दक्षतेपेक्षा कारकुनांची फी बुडू नये ही काळजी जास्त दिसते. पण शिक्कामोर्तबाचे टप्पे कितीही असोत, पुढच्या प्रत्येकाचा भरवसा त्या पहिल्या सहीवर.

राजाला लिहिण्याचा मुळातच कंटाळा, त्यात पायाच्या जखमांनी तो बेजार झालेला. सप्टेंबर 1545 पासून त्याच्या सहीसाठी कोरडा शिक्का वापरात आला. शाई न लावता ठसा कागदावर दाबायचा आणि उमटलेल्या खाचांत कारकुनाने लेखणीने शाई भरायची. हात सफाईचा असेल तर ही सही अस्सल सहीपासून वेगळी काढणे अवघड. हे काम आतल्या दालनाशी जोडलेल्या तिघांकडे होते. राजाची सही दुसऱ्याने उठवणे हा कायद्याने राजद्रोह, म्हणून 1546 मध्ये त्यांनी अधिकारपत्र आणि माफी दोन्ही पदरात पाडून घेतली. ठसा मारलेल्या कागदांची यादी महिन्याच्या महिन्याला तयार होई. दोष इथेच होता: तपासणी नेहमी काम होऊन गेल्यावर. शेवटच्या महिन्याची यादी तपासायला राजाच उरला नाही, तर?

नेमके तेच झाले. गादीचे वारस ठरवणाऱ्या राजाच्या मृत्युपत्रावर तारीख 30 डिसेंबर 1546 ची, राजा वारला 28 जानेवारी 1547 ला, आणि ठशाच्या यादीत हे मृत्युपत्र जानेवारीच्या कागदांत, शेवटून दुसरे. मृत्युपत्राने वारस ठरवण्याची मुभा देणाऱ्या 1544 च्या वारसा कायद्याला राजाच्या स्वहस्ताची सही हवी होती आणि मृत्युपत्राच्या मजकुरातही स्वहस्ताचाच उल्लेख आहे. एक पक्ष म्हणतो, काम डिसेंबरातच झाले, नोंद तेवढी उशिरा झाली. दुसरा म्हणतो, राजा अखेरच्या घटका मोजत असताना मजकूर बदलून ठसा मारला. बनावटच करायची असती तर तिची नोंद आपल्याच यादीत कोण करील? त्यामुळे पहिले म्हणणे अधिक पटते. तरीही ठसा म्हणजे स्वहस्त का, हा कायद्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

राजाचा मृत्यू तीन दिवस लपवून ठेवला गेला. गादीवर आला त्याचा अल्पवयीन मुलगा एडवर्ड. मृत्युपत्रात त्याच्यासाठी सोळा कारभारी, सगळे एका पायरीवर. त्यांनी 31 जानेवारीला बालराजाच्या मामाला, एडवर्ड सीमोरला, संरक्षक, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारा, नेमले. 12 मार्चच्या सनदेने सल्लागार निवडण्याचा अधिकारही त्यालाच मिळाला. राजाने कबूल केलेल्या पण द्यायच्या राहिलेल्या देणग्या पुऱ्या कराव्यात, असे एक कलम होते. कोणाला काय कबूल केले होते, हे ठरले आतल्या वर्तुळातल्यांच्या साक्षीवर. पदव्या आणि जमिनी वाटल्या गेल्या.

पुढे हेन्रीच्या मुली मेरी आणि एलिझाबेथ राण्या झाल्या, त्यांच्या काळात आतल्या दालनात स्त्रिया आल्या, पुरुषांची ती वाट बंद झाली आणि राजकारण कौन्सिलच्या टेबलावर सरकले. मेरीच्या कौन्सिलची नावे पन्नासच्या आसपास गेली होती. एलिझाबेथने ती विसाच्या आत आणली.

मृत्युपत्राचा वाद मात्र मिटला नाही. त्यात हेन्रीच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे स्कॉटलंडचा वंश डावलून धाकटीच्या वंशाला पुढे केले होते. 1560 च्या दशकात स्कॉटिश बाजूने हाच मुद्दा लढवला: सही ठशाची, म्हणून डावलणेही रद्द. 1603 मध्ये मृत्युपत्र बाजूला ठेवून स्कॉटलंडचाच राजा जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसला. त्याने प्रिव्ही चेंबरच्याही आत बेडचेंबर (शयनदालन) उभे केले आणि ते जवळपास सगळे स्कॉटिश माणसांनी भरले. इंग्रज मंत्री पुन्हा दाराबाहेर.