खिडकी-दाराच्या कडेचा गिलावा: सरळ रेघ, फट आणि पाण्याची वाट

बाहेरच्या भिंतीचा गिलावा बिघडतो तो बहुधा खिडकी-दाराच्या कडेलाच. भिंतीच्या मोकळ्या पटावर माल एकसारखा बसतो आणि एकसारखा वाळतो. भिंत आत वळून चौकटीला भिडते त्या बाजूंना, म्हणजे जांबांना, हे सुख नसतं. वीट, काँक्रीटचं लिंटेल (खिडकी-दारावरची आडवी तुळई), सिमेंटचा माल आणि ॲल्युमिनियमची किंवा यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) चौकट अशा वेगवेगळ्या स्वभावाच्या वस्तू तिथे एका वितीत येतात.

सगळ्यात जास्त घोळ चौकटीच्या सांध्यात होतो, म्हणून आधी तिथला हिशेब पाहू. दीड मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी ४० अंश सेल्सिअसने तापली की सुमारे १.४ मिलिमीटर वाढते. यूपीव्हीसीची तेवढीच पट्टी ४ मिलिमीटरच्या आसपास वाढते. सिमेंटचा गिलावा मात्र जेमतेम ०.६ मिलिमीटर. माल थेट चौकटीला घट्ट भिडवला तर हा फरक कुठेतरी फुटून बाहेर येणारच, आणि तो सांध्यावर केसाएवढ्या भेगेच्या रूपात येतो. भेग जितकी बारीक, तितकं केशाकर्षण जोरदार. पाऊस थांबल्यावरही पाणी आत ओढलं जातं. त्यामुळे ‘फट राहू नये म्हणून’ चौकटीपर्यंत माल दाबणं हीच खरी चूक.

फट मुद्दाम ठेवावी, १० ते १२ मिलिमीटरची. चौकटीला तेवढ्याच जाडीची फोमची पट्टी चिकटवून गिलावा तिच्यापर्यंत आणायचा आणि माल धरल्यावर पट्टी काढून घ्यायची. गिलावा पूर्ण वाळला की फटीपेक्षा थोडा जाड बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी, दाबून बसवावा आणि वर साधारण ६ मिलिमीटर खोलीचं सीलंट, म्हणजे रबरासारखं ताणणारं भरण, भरावं. रॉड का? सीलंट फक्त दोन्ही कडांना चिकटलं पाहिजे. ते मागेही चिकटलं तर त्याला ताणायला जागा उरत नाही आणि कडेने सुटतं. काम सुरू होण्याआधी चौकटीवर संरक्षक टेप हवीच, कारण ओल्या सिमेंटचा पीएच १२ च्या वर, म्हणजे ते अतिशय क्षारीय असतं आणि ॲल्युमिनियमवर त्याचे डाग कायमचे बसतात.

आता कडा. माल लावण्याआधी गाळ्याचे, म्हणजे खिडकी-दारासाठी भिंतीत सोडलेल्या मोकळ्या जागेचे, दोन्ही कर्ण मोजावेत, जांब ओळंब्यात आहेत का पाहावं आणि चौकट दोन्ही बाजूंना सारखी दिसेल अशा बेताने ठिय्ये, म्हणजे गिलाव्याची जाडी ठरवणारे मालाचे ठिपके, द्यावेत. डावीकडे चौकट २० मिलिमीटर आणि उजवीकडे ३० मिलिमीटर दिसली तर गिलावा कितीही गुळगुळीत असो, नजर तिथेच अडते. माल धरावा म्हणून काँक्रीटला टाचे मारून ते खडबडीत करावं आणि वीट आधी भिजवून घ्यावी. पृष्ठभाग ओलसर हवा, पण पाणी चमकता कामा नये. रंधलेली सरळ लाकडी पट्टी दर्शनी भिंतीला आवळायची, तीही जांबावरच्या मालाच्या जाडीएवढी पुढे ठेवून, आणि आधी जांब भरायचा. माल धरला की तीच पट्टी जांबाला लावून दर्शनी बाजू भरायची. पट्टी सरळ ओढली तर कड उचकटते. हलकं ठोकून ती कडेला समांतर सरकवावी, मग सोडवावी. कड सुरीसारखी तीक्ष्ण ठेवू नये. ३ ते ५ मिलिमीटरची गोलाई दिली तर ती टिकते.

गाळ्याच्या चारही कोपऱ्यांवर ताण एकवटतो, म्हणून तडे तिथून तिरपे निघतात. गिलाव्याच्या पहिल्या थरातच ३०० × २०० मिलिमीटरचे अल्कलीरोधक (सिमेंटच्या क्षाराने खराब न होणाऱ्या) जाळीचे तुकडे ४५ अंशांत, लांब बाजू संभाव्य तड्याला आडवी ठेवून, ओल्या मालात दाबावेत. जाळी कोरड्या भिंतीला ठोकून वर माल थापला तर तिच्या मागे पोकळी राहते आणि तिचा उपयोग संपतो. लिंटेल आणि विटेच्या सांध्यावरही दोन्हीकडे १५० मिलिमीटर जाळी हवी.

खिडकीच्या खालच्या कट्ट्याला बाहेर उतार द्यावा, १० ला १. म्हणजे १५० मिलिमीटर खोलीला १५ मिलिमीटर. चौकटीतली पाणी निघायची भोकं मालाने बुजू देऊ नयेत. कट्टा भिंतीबाहेर ४० मिलिमीटर काढावा आणि त्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून २० ते २५ मिलिमीटर आत, सुमारे १० मिलिमीटर रुंद आणि तितकीच खोल खाच पाडावी. पृष्ठताणामुळे पाणी खालच्या अंगाला चिकटून भिंतीकडे सरकतं. खाचेच्या धारेपाशी त्याला चढण लागते, थेंब जड होतो आणि गळून पडतो. तशीच खाच लिंटेलच्या खालीही हवी. खाच दोन्ही टोकांना भिंतीच्या थोडी अलीकडे थांबवावी, नाहीतर तीच पाणी भिंतीवर आणून सोडते.

गिलावा पक्का होण्यासाठी पाणी मारताना कडांकडे जास्त लक्ष द्यावं. कडेचा माल दोन बाजूंनी वाळतो, त्यामुळे भिंत ओली दिसत असतानाही कड कोरडी पडते, आणि अर्धवट भिजलेलं सिमेंट पुढे भुसभुशीत होतं. निदान सात दिवस ती ओली ठेवावी, उन्हात गोणपाट लावून. सीलंट पक्कं झाल्यावर गळती तपासायला नळीने पाणी मारून पाहावं: आधी कट्टा, मग जांब, शेवटी लिंटेल, प्रत्येक पातळीला पाचेक मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे पसरतं आणि गळती नेमकी कुठली ते सापडत नाही.